राक्षसाच्या कंबरेची विहीर

आमच्या पाम्पाच्या गवताळ माळावर, सालादो नदीच्या दोन्ही काठांवर सध्या एकच गोष्ट चघळली जाते: दोन तिबुर्सिओ लेदेस्मांनी आपल्या विहिरीवरचा राक्षस इंग्रजाला विकला, पोतंभर सोनं घेतलं, ते त्याच विहिरीत टाकलं आणि वरून माती लोटली. चास्कोमूस गावच्या गुत्त्यात तर एक जण शपथेवर सांगत होता, की त्या जागी कान लावला तर नाणी वाजतात.

मी त्यांची शेजारीण. माणूस एकच बरं का; हे ‘दोन’ आकड्यातलं नव्हे, मानानं ‘राव’ म्हणावं तसं आमच्याकडे नावाआधी ‘दोन’ म्हणतात. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक ओंबूचं झाड आणि पुष्कळ वारा, याखेरीज काही नाही. त्या घरात मटण करपलं तर मला आधी कळतं, त्यांच्या बायकोला, ब्रिखिदाला, मागाहून. सोनं आलं असतं तर काय मला कळलं नसतं? सोनं नाही. माती कुणी लोटली नाही, ती आपल्या पायांनी आत गेली. आणि राक्षस विकला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. तो त्यांनी फुकट दिला. तोही चांगल्या वळणापायी.

आता हा राक्षस म्हणजे अख्खा राक्षस नव्हे, त्याची फक्त कंबर. मोठ्या दुष्काळात नदी आटून चिखलाची गटार झाली होती, तेव्हा दोन तिबुर्सिओ मेलेल्या गुरांची कातडी सोलत काठाकाठाने हिंडत होते. चिखलातून काहीतरी वर आलेलं दिसलं. त्यांना वाटलं, कुणाची तरी होडी. फास टाकला, घोड्याला टाच दिली, घोडा गुडघ्यावर आला पण होडी हलेना. मग दुसरा घोडा जोडला. बाहेर आलं ते हाड. दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, आणि मधोमध भोक, पोहरा अलगद जाईल एवढं. लोक म्हणतात त्या हाडावर बैलगाडी मावायची. नाही मावायची. पण ब्रिखिदा मावली असती, आडवी, आणि ब्रिखिदा काही लहानसहान बाई नाही.

आमच्याकडे त्या ओंबूखेरीज झाड नाही, दगड नाही. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. आम्हाला दोन्ही सारखेच परके. कुंपण गाईच्या कवट्यांचं, बसायला घोड्याची कवटी, खुंटी शिंगाची. त्यामुळे एवढं हाड मिळाल्यावर कुणी त्याची पूजा करत नाही, कुणी घाबरत नाही; ते कशाला उपयोगी पडेल एवढंच बघतात. दोन तिबुर्सिओंनी ते घरी ओढत आणलं आणि विहिरीवर पालथं घातलं.

तो त्यांच्या आयुष्यातला एकमेव शहाणपणा. पण केवढा. आमची माती कशी, तर पिठासारखी. विहिरीच्या काठावर एका गाईनं पाय दिला की काठ गाईसकट आत. त्या दुष्काळात तहानेनं वेडी झालेली गुरं कळपाकळपानं यायची, आणि सगळ्यांच्या विहिरी त्यांनी तुडवून बुजवल्या. माझीही. लेदेस्मांची मात्र राहिली. ते पंख काठावर असे पसरले होते की गुरांचे पाय हाडावरच वाजायचे आणि आत फक्त पोहरा जायचा. वर आणखी नशीब असं, की नदीचं पाणी खारट, माझ्या विहिरीचं मचूळ, आणि त्यांचं गोड. दुष्काळभर अख्खा परिसर त्या राक्षसाच्या कंबरेतून पाणी प्यायला. दुष्काळ संपल्यावरही मालाच्या गाड्या तिथेच थांबायच्या. बैल पाणी प्यायचे, गाडीवान ब्रिखिदाच्या हातच्या मांसाच्या करंज्या खायचे, आणि दोन तिबुर्सिओ त्या हाडावर बसून येर्बाचा कडू काढा नळीनं ओढत राक्षसाबद्दल बोलायचे. घर त्यावर चालायचं. ती विहीर नसती तर त्या माळावर घर असायला काही कारणच नव्हतं.

राक्षस कोण होता याबद्दल तीन मतं होती. पाद्रीबाबा म्हणायचे, महापुरात बुडालेला पापी मनुष्य. गाडीवान म्हणायचे, साध्या बैलाचंच हाड, नदीच्या पाण्यात पडून पडून वाढलं. दोन तिबुर्सिओंचं मत असं, की हा जमिनीखाली राहणारा, बीळ खणणारा प्राणी. म्हणून तर हाडं नेहमी जमिनीखाली सापडतात. मी एकदा म्हटलं, "म्हणजे माझी सासूही बीळ खणणारीच म्हणायची. तीसुद्धा जमिनीखालीच आहे." त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग मीच करंज्या घेऊन गेले. त्यांच्या धाकट्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर धरलं होतं, तेव्हापासून मी त्यांची कोमाद्रे आणि ते माझे कोंपाद्रे, म्हणजे धर्माचे नातलग. हे नातं असं आहे की त्यात भांडायला मोकळीक आहे, पण तोडायला नाही.

आता वळणाची गोष्ट. आमच्याकडे पाहुण्यानं एखादी वस्तू चांगली म्हटली, की घरधन्यानं म्हणायचं, "आपलीच समजा." मग पाहुण्यानं म्हणायचं, "छे, ती योग्य हातांत आहे." संपलं. वस्तू जिथल्या तिथे आणि दोघांची मान वर. मी एकदा ब्रिखिदाच्या केसांतला कंगवा छान आहे म्हटलं, तिनं लगेच काढून माझ्या हातात दिला, मी तो परत तिच्या अंबाड्यात खोवला, आणि आम्ही दोघी खूष. कंगवा खरं म्हणजे काही खास नव्हता. माझ्या जन्मात कुणी कुणाची वस्तू घेऊन गेलेलं मी पाहिलं नाही. घोडे, बायकोची शाल, एकदा तर झोपडीसकट जमीन, सगळं आम्ही एकमेकांना दिलेलं आहे. आणि सगळं आमच्याचकडे आहे.

तर त्या उन्हाळ्यात इंग्रज आला. सभ्य माणूस, गोरा, उन्हानं भाजून कोळंबीसारखा झालेला, बगलेत छत्री. आमची भाषा पुस्तकातून शिकलेला. प्रत्येक वाक्य पूर्ण करायचा, म्हणून ऐकणाऱ्याला मध्येच झोप यायची. हाडं गोळा करत नदीकाठानं वर वर येत होता. पाणी प्यायला लेदेस्मांकडे थांबला, पोहरा ओढायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. मग गुडघ्यांवर बसला. मग त्यानं त्या हाडाला मिठी मारली. ब्रिखिदा मला हाक मारायला धावत आली. तिला वाटलं, माणसाला ऊन लागलं.

मी पोचले तेव्हा तो सांगत होता. हा प्राणी बिळातला नव्हे, माणूस तर नव्हेच. ब्राझीलकडच्या रानात झाडाला उलटा लटकून झोपा काढणारा एक आळशी प्राणी आहे, त्याच्याच कुळातला हा, पण हत्तीएवढा. मागच्या पायांवर आणि शेपटीवर बसायचा, बसल्या जागी झाडं ओढून घ्यायचा आणि पाला खायचा. एवढी मोठी कंबर बसण्यासाठीच. दोन तिबुर्सिओंनी विचारलं, "कुठली झाडं?" आम्ही सगळ्यांनी एकदम ओंबूकडे पाहिलं. इंग्रज म्हणाला, तेव्हा असतील. ब्रिखिदा म्हणाली, दिवसभर बसून खाणारा प्राणी तिच्या ओळखीचा आहे, आणि त्याच्यासाठी विलायतेहून यायची गरज नव्हती.

हसलो आम्ही. तिथवर सगळं ठीक होतं.

मग इंग्रजानं स्तुती सुरू केली. असं हाड त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. असं अभंग, असं देखणं. दोरानं त्याला जी खाच पडली होती तिच्यावरून त्यानं बोट फिरवलं आणि तीही सुंदर म्हणाला. दोन तिबुर्सिओ फुलत गेले. या माणसाला जन्मात कुणी कशाबद्दल चांगलं म्हटलेलं नव्हतं. मी तर नाहीच. त्यांनी टोपी काढली, छातीवर धरली आणि म्हणाले, "सेन्योर, आपलंच समजा."

इंग्रज उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. त्यानं दोन तिबुर्सिओंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "मी आपला अत्यंत ऋणी आहे. उद्या सकाळी गाडी आणतो."

आम्ही वाट पाहत राहिलो, उरलेलं वाक्य येईल म्हणून. वाक्यं पूर्ण करणारा माणूस, हेच नेमकं अर्धं कसं ठेवील? तो घोड्यावर बसला, हात हलवला, गेला. दोन तिबुर्सिओ टोपी छातीवर धरून तसेच उभे. ब्रिखिदानं विचारलं, "काय म्हणाला तो?" तिला ऐकू आलं होतं. ती काही बहिरी नाही.

त्या संध्याकाळी त्या अंगणात जे झालं त्याला मी भांडण म्हणणार नाही, कारण भांडायला दोघं लागतात. ब्रिखिदा एकटीच बोलत होती. तिचं म्हणणं सरळ होतं: उद्या तो आला की त्याला सांगायचं, ही बोलायची रीत आहे, हाड मिळणार नाही. ते मान हलवत राहिले. ती म्हणाली, मग सांगा की मी खोटं बोललो. तेव्हा ते एकदाच बोलले.

"मी खोटं बोललो नाही. मी दिलं. त्यानं परत केलं नाही, एवढंच."

मी त्यांना धरून आमच्या भागाच्या न्यायाधीशांकडे नेलं. म्हटलं, कायदा तरी काही म्हणत असेल. न्यायाधीश गुरांना डाग देत होते, धुरातच त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी विचारलं, दिलं म्हणालात का? म्हणालो. कुणी जबरदस्ती केली का? नाही. साक्षीदार? मी हात वर केला. पहिल्यांदाच मला साक्षीदार असल्याचा राग आला. न्यायाधीश म्हणाले, मग तुम्ही शब्द मागे घ्या. दोन तिबुर्सिओंनी विचारलं, "तुम्ही घेतला असता?" न्यायाधीशांनी तापलेली सळई दुसऱ्या हातात घेतली आणि पुढचा बैल आणायला सांगितलं. जाता जाता कळलं, त्यांच्या दारातली मोठी कवटी, जिच्यात त्यांची कोंबडी अंडी घालायची, तीही दिसत नव्हती. इंग्रज त्यांच्याकडे आधी येऊन गेला होता. कोंबडी अंगणात वेड्यासारखी फिरत होती.

मग कळत गेलं. प्रत्येक घरी तो थांबला होता, प्रत्येक घरी त्यानं स्तुती केली होती, आणि प्रत्येक घरानं आपली रीत पाळली होती. कुणाचं बसायचं मणक्याचं हाड गेलं, कुणाचा चुलीचा टेकू. साऱ्या नदीकाठाचं सौजन्य त्यानं गाडीत भरलं होतं. आणि तो चोर नव्हता हो. चोर असता तर आम्हाला काहीतरी करता आलं असतं.

सकाळी गाडी आली. मी माझ्यापरीनं शेवटचा प्रयत्न केला. इंग्रजाला बाजूला घेऊन सांगितलं, की हे हाड हलवणाऱ्याचा निर्वंश होतो. त्याचा चेहरा उजळला. त्याला असल्या समजुती फार आवडतात म्हणाला, आणि आणखी काही आहेत का विचारलं.

त्याच्या माणसांनी पहारी लावल्या तेव्हा हाडातून करकर आवाज आला. दोन तिबुर्सिओ घराच्या भिंतीला टेकून बसले होते, ते उठले. मोडेल, म्हणाले. त्यांनी स्वतः पंखांखालची माती हातांनी उकरली, स्वतः फास घातला, ज्या घोड्यांनी नदीतून ओढलं त्यांतल्या जिवंत असलेल्या एकाला, त्यांच्या करड्या घोडीला, जुंपलं, आणि तान्ह्या मुलाला पाळण्यातून उचलावं तसं ते हाड विहिरीवरून उचलून गवतावर ठेवलं. इंग्रजानं वर कातडी गुंडाळली. पैसे देऊ केले. दिलेल्या वस्तूचे पैसे कसे घेणार? मग इंग्रजानं इकडे तिकडे पाहिलं आणि आपली छत्री दिली. काळं रेशीम, हस्तिदंताची मूठ. दोन तिबुर्सिओंनी ती घेतली, कारण न घेणं उद्धटपणाचं झालं असतं.

विहीर उघडी पडली. दात काढल्यावर तोंड दिसतं तसं ते भोक दिसत होतं. ब्रिखिदा तिकडे पाठ करून करंज्या लाटत बसली.

छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली. तिच्या रेशमातून ब्रिखिदा आता चीजचं पाणी गाळते.

विहिरीभोवती त्यांनी खुंट ठोकले, खुंटांना कातडं बांधलं. गुरांनी कातडं चाटून खाल्लं. मग गाईच्या हाडांचं तोंड बांधलं. एका बैलानं पाय दिला आणि ती हाडं एक एक करून आत गेली, मागाहून तो बैलही. बैल एका गाडीवानाचा होता, आणि तो जे काही बोलला ते मी इथे लिहू शकत नाही, जरी मला सगळं पाठ आहे. शरद ऋतूचा पाऊस लागला तेव्हा काठ रोज थोडा थोडा आत जायचा. दोन तिबुर्सिओ दारात बसून बघायचे. मी म्हटलं, फावडं तरी घ्या. ते म्हणाले, "कुठली माती काढू, कोमाद्रे? आतली काढली तर वरची येते." मी फावडं घेऊन आले होते. तेही तिथेच ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसले. तो एकच दिवस असेल, मला थट्टा सुचली नाही. एका सकाळी पाहिलं तर विहीर नव्हती. नुसता खळगा, त्यात पावसाचं पाणी, आणि त्यात एक बदक.

नवी खणली दोनदा. पहिलीला खारं पाणी लागलं, दुसरी पाणी लागायच्या आत ढासळली. नदीकाठाला दुसरं मोठं हाड शोधलं, पण काठ धुऊन नेल्यासारखा साफ होता. गाड्यांनी वाट बदलली. आता ती करडी घोडी रोज सकाळी कातड्यावर पिंप ओढत पलीकडच्या वस्तीवरून गोडं पाणी आणते. घरात उरलं आहे ते एवढंच जनावर. ब्रिखिदा म्हणते, भावाकडे जाऊ. दोन तिबुर्सिओ म्हणतात, बघू. दोघंही रोज एवढंच म्हणतात.

आणि मग या उन्हाळ्यात इंग्रज परत आला.

राक्षसाचा एक पाय राहिला होता, तो शोधायला. दुरून त्यानं टोपी हलवली, जणू काही सासुरवाडीला येतो आहे. अंगणात बसला, येर्बा प्यायला, आणि सांगू लागला: ती कंबर लंडनला पोचली, एका मोठ्या दालनात उभी केली, बायका पोरांना घेऊन बघायला येतात, आणि दोराची खाच बघून सगळे विचारतात ही कशाची. तो सगळ्यांना सांगतो, पाम्पातल्या एका थोर मनाच्या माणसानं दिली. दोन तिबुर्सिओ मान खाली घालून ऐकत होते. पाणी त्यांनीच त्याला दिलं, पिंपातलं. तो घटाघट प्यायला. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि निरागसपणे विचारलं, "आपण विहीर का बुजवली?"

माझ्या जिभेवर आलं होतं. ब्रिखिदाच्याही. दोन तिबुर्सिओंनी आमच्याकडे अशी नजर टाकली, की आम्ही दोघी जिथल्या तिथे. पाहुण्याला त्याच्यामुळे काय झालं हे सांगणं म्हणजे दिलेली वस्तू तोंडावर फेकणं. ते म्हणाले, पावसानं. इंग्रज म्हणाला, अरेरे.

निघताना तो घोडीपाशी थांबला. तिनं पिंप नुकतंच आणलेलं, घामानं चमकत होती. त्यानं तिच्या मानेवरून हात फिरवला, दात पाहिले, पाय पाहिले. सुरेख जनावर आहे, म्हणाला. अशी छाती त्यानं या प्रदेशात पाहिली नव्हती. त्याचा स्वतःचा घोडा लंगडत होता हे मला तेव्हा दिसलं.

ब्रिखिदानं खांद्यावरच्या शालीचं टोक तोंडात धरलं. मी ओंबूकडे पाहायला लागले, कारण दोन तिबुर्सिओंचा हात टोपीकडे गेला होता. त्यांनी टोपी काढली. छातीवर धरली. तोंड उघडलं. ज्या माणसानं विहीर गेली तरी एक खोटा शब्द उच्चारला नाही, तो त्या घोडीकडे आणि पिंपाकडे पाहत उभा होता.

मग ते म्हणाले, "चांगली आहे, सेन्योर. पण माझी नाही. या माझ्या कोमाद्रेची आहे, आणि ही बाई फार उद्धट आहे."